कुत्रा-मांजर असलेल्या घराची साफसफाई

कुत्रा किंवा मांजर पाळलेल्या घरात खरा त्रास दोनच गोष्टींचा होतो: केस आणि मूत. पायांचा चिखल, लाळेचे ओघळ, भांड्याबाहेर सांडलेले खाणे ही सगळी फडक्याने निघणारी घाण. केस मात्र झाडूने उडतात आणि मूत पुसल्यावरही फरशीच्या सांध्यात राहते. म्हणून ज्या घरांनी वर्षानुवर्षे प्राणी सांभाळले, त्यांची साफसफाई फरशीपासून सुरू होत नाही. ती प्राण्याच्या अंगापासून आणि त्याच्या वेळापत्रकापासून सुरू होते. हे उमगेपर्यंत बहुतेकांचे पहिले वर्ष-दीड वर्ष जाते आणि तेवढ्यात फिनेलच्या बाटल्या भरपूर संपलेल्या असतात.

जुन्या घरांत हा प्रश्न या रूपात नव्हताच. वाड्यात कुत्रा अंगणात, फार तर पडवीत. माजघरात त्याला मज्जाव. मांजर घरभर फिरे, कारण धान्याला उंदरांपासून राखण लागे, पण शी-शू करायला परसातली भुसभुशीत माती होती. जमीन शेणाने सारवलेली. ओल झालीच तर जिरून जाई आणि पुढच्या सारवणात झाकली जाई. फ्लॅटमध्ये अंगण, पडवी, परस सगळेच गेले आणि प्राणी मात्र थेट पलंगापर्यंत आला. त्याच्याबरोबर आलेली घाण जिरायला आता जागा नाही. ती कोणीतरी उचलून बाहेर न्यावी लागते.

केसांची गोष्ट आधी. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, ‘पामेरियन’ म्हणून विकला जाणारा पांढरा स्पिट्झ आणि अलीकडे पुण्या-मुंबईच्या उकाड्यातही दिसणारा हस्की, या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला कापसासारखा मऊ. आतला थर थंडी संपताना सुटतो. थंड देशांत तो काही आठवड्यांत एकदम झडून जातो. घरातल्या दिव्यांच्या उजेडात आणि एसीच्या हवेत राहणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे चक्र विस्कटते आणि तो बारा महिने थोडा थोडा झडत राहतो. लॅब्रेडॉर आखूड केसांचा दिसतो म्हणून निवडणारी कुटुंबे इथेच फसतात. आखूड केस कापडाच्या विणीत टाचणीसारखे रुततात आणि लांब केसांपेक्षा अवघड निघतात. शित्झू, ल्हासा, पूडल यांचे केस कमी गळतात हे खरे, पण त्यांना रोज विंचरले नाही तर जटा होतात आणि जटांखाली कातडी ओली राहून फोड येतात. केसांपासून सुटका करून देणारी जात कोणी सांगत असेल, तर तो पिल्लू विकायला बसला आहे असे समजावे.

यावर एकच उपाय बारा महिने चालतो: केस जमिनीवर पडण्याआधी ब्रशमध्ये अडकवणे. रोज दहा मिनिटे गच्चीत किंवा बाल्कनीत कुत्र्याला विंचरले तर घरातला झाडूचा अर्धा तास वाचतो. दुहेरी थराच्या कुत्र्यांसाठी लांब, विरळ दातांचा फणीसारखा ब्रश लागतो. वरवरचा मऊ ब्रश फिरवून आतला थर निघत नाही. उन्हाळ्यात ‘गरम होतं बिचाऱ्याला’ म्हणून अशा कुत्र्याचे सगळे केस उतरवणारी घरे पुष्कळ आहेत. तसे करू नये. वरचा थर उन्हापासूनही राखण करतो आणि भादरल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा येईलच याची खात्री नसते.

केस जास्त गळण्याचे एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच असते. केस म्हणजे मुख्यतः प्रथिन. दूध-पोळी हा मराठी घरांतला कुत्र्याचा पिढीजात आहार, आणि त्यात कुत्र्याला पुरेल इतके प्रथिन नसते. शिवाय पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. त्यांना जुलाब होतात आणि साफसफाईचे काम दुप्पट होते. आहारात अंडी, चिकन किंवा बरे तयार खाणे आल्यावर दोन-तीन महिन्यांत घरातल्या केसांचे पुंजके कमी झाल्याचा अनुभव अनेकांचा आहे. तरीही गळती थांबली नाही, कातडी लाल दिसली, चकत्या पडल्या तर तो डॉक्टरकडे नेण्याचा विषय आहे.

झाडण्याचीही एक रीत आहे. आधी पंखा बंद करायचा. पंखा चालू ठेवून फूलझाडूने केस काढू पाहणाऱ्याचे केस पुढे आणि तो मागे, असा प्रकार होतो. झाडू सावकाश, जमिनीला टेकवून ओढायचा. कोरडे काम पूर्ण झाल्याशिवाय ओले फडके फिरवायचे नाही, कारण ओला केस फरशीला दोऱ्यासारखा चिकटतो आणि वाळल्यावर पुन्हा उडतो. सोफा आणि गाद्या यांसाठी सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे रबर: भांडी घासायचे रबरी हातमोजे किंचित ओले करून एका दिशेने हात फिरवला की केसांची वळकटी होऊन हातात येते. मोरीत पाणी ओढायचा वायपर सतरंजीवर हेच काम करतो. हजारो रुपयांचा व्हॅक्यूम क्लीनर घेतल्यावरही ही दोन साधने पडून राहत नाहीत. व्हॅक्यूमचा उपयोग केसांपेक्षा त्यांच्याबरोबर पडणाऱ्या कोंड्यासाठी अधिक. तोही हेपा गाळणी असेल तरच. या गाळणीत 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण अडकतात, नाहीतर यंत्र बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत सोडते. आपोआप फिरणारा रोबो कोरड्या केसांना उत्तम आहे. मात्र रात्री पिल्लाने दिवाणखान्यात शी केली आणि पहाटे रोबो ठरल्या वेळी कामाला लागला, असे ज्या घरात एकदा घडले तिथे पुढे त्याची आपोआप सुरू होण्याची वेळ कायमची बंद झाली.

जिथे डोळा जात नाही तिथले केस जास्त महागात पडतात. फ्रिजच्या मागच्या किंवा खालच्या जाळीवर केसांची गादी जमली की थंडावा कमी होतो, कॉम्प्रेसर सतत चालतो आणि वीजबिल वाढते. एसीची जाळी अशा घरात दर पंधरवड्याला धुवावी लागते. वॉशिंग मशिनमध्ये कपडे टाकण्याआधी बाल्कनीत जोरात झटकावेत आणि प्राण्याच्या पांघरुणाचा घाणा वेगळा लावावा. पाण्यात भिजलेले केस पंपाच्या जाळीत दोरीसारखे वळतात, आणि दुरुस्तीला आलेला माणूस ते काढताना घरात कुत्रा कोणत्या रंगाचा आहे हे न विचारता सांगतो. सोफ्यावर जुनी सुती चादर घालून ठेवणे हा सगळ्यांचा उपाय आहे. पाहुणे येणार म्हणून ती चादर काढली जाते आणि कुत्रा नेमका त्याच वेळी वर चढतो, हाही सगळ्यांचा अनुभव आहे.

मुताचा प्रश्न केसांपेक्षा अवघड आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचे जंतू विघटन करतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि तो नाकाला झोंबतो. पाण्याने आणि साबणाने युरिया निघून जातो. पण यूरिक आम्लाचे क्षार पाण्यात सहज विरघळत नाहीत, ते टाइल्सच्या सांध्यांत आणि गादीच्या कापसात बसून राहतात. हवा कोरडी असेपर्यंत गप्प असतात. जूनमध्ये दमट हवा सुरू झाली की डिसेंबरमध्ये ‘पुसून टाकलेला’ कोपरा पुन्हा बोलू लागतो. बोक्याच्या मुतात याखेरीज गंधकयुक्त संयुगे तयार होतात, म्हणून तो वास इतका उग्र आणि इतका ओळखीचा असतो.

घरातल्या माणसांना मात्र तो येत नाही. नाकाला सतत येणारा वास मेंदू थोड्या वेळात बाजूला टाकतो. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर दार उघडताक्षणी जो वास येतो, तोच पाहुण्यांना रोज येत असतो. स्पष्ट बोलणारी एखादी आत्या किंवा मावशी अशा घराला फार उपयोगी असते. रूम फ्रेशनर आणि अगरबत्ती यांनी फक्त दुसरा वास पहिल्यावर चढतो.

जागा शोधायला अतिनील किरणांची छोटी टॉर्च मिळते. खोलीत अंधार करून ती फिरवली की वाळलेले डाग पिवळट-हिरवट चमकतात. कित्येक घरांत एका कोपऱ्याबद्दल संशय असतो आणि टॉर्चखाली पडद्याची कड, कपाटाचा पाय, टीव्हीमागची भिंत अशा चार जागा निघतात. अशा डागांवर एन्झाइम असलेली द्रावणे वापरावीत. आधी ताजी ओल फडक्याने टिपून घ्यायची, घासायची नाही, नाहीतर ती पसरते. मग द्रावण मूळ ओल जिथपर्यंत गेली असेल तिथपर्यंत मुरेल इतके ओतायचे आणि निदान पंधरा मिनिटे, गादी असेल तर कित्येक तास, ओले राहू द्यायचे. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. फवारून लगेच पुसणारे लोक ‘काही उपयोग होत नाही’ म्हणतात ते यामुळे. त्याच जागी आधी किंवा नंतर फिनेल टाकले तर एन्झाइम निकामी होऊ शकते. घरगुती उपायांत पांढरे व्हिनेगर बरे, पण मार्बलवर आणि कोटा-शहाबादी फरशीवर ते वापरू नये. हे दगड चुनखडीचे असतात आणि आम्लाने त्यांची चमक कायमची जाते. सिमेंटच्या सांध्यांत ओल शिरत असेल तर एकदा गवंडी बोलावून ते इपॉक्सीने भरून घेणे हे दहा बाटल्यांपेक्षा स्वस्त पडते.

फिनेल आणि जंतुनाशके यांच्याबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण स्वच्छतेच्या नादात प्राणी आजारी पडण्याचे प्रसंग इथेच घडतात. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉल वर्गातली रसायने असतात. जखमेवर आणि अंघोळीच्या पाण्यात घालायचे, पाण्यात पडताच दुधाळ होणारे तपकिरी जंतुनाशक घरोघरी असते; त्यातला क्लोरोझायलेनॉलही याच वर्गातला. माणसाचे यकृत ही द्रव्ये निष्प्रभ करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारे एन्झाइम जवळजवळ काम करत नाही. मांजर पुसलेल्या फरशीवरून चालते, मग बसून पंजे चाटते आणि फरशीवरचे सगळे पोटात जाते. लाळ गळणे, जिभेवर फोड, खाणे सोडणे अशी लक्षणे घेऊन आलेल्या मांजराच्या घरी डॉक्टर पहिली चौकशी फरशी कशाने पुसता याची करतात. ‘99.9 टक्के जंतू मारणाऱ्या’ सुगंधी द्रावणांत पुष्कळदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. तेही पातळ न करता वापरले तर तोंड पोळवते. कपाटातल्या डांबरगोळ्या, कापूर आणि टी-ट्रीसारखी सुगंधी तेले याच यादीत येतात. रोजची फरशी पुसायला थोडा साबण घातलेले पाणी आणि नंतर साध्या पाण्याचा एक हात पुरतो. जंतुनाशक वापरलेच तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत प्राणी दुसऱ्या खोलीत ठेवावा.

ब्लीचचे काम वेगळे आहे. ते मुतावर कधीच ओतू नये, कारण अमोनियाशी संयोग होऊन त्यातून घसा जाळणारा क्लोरामीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हा प्रकार माणसालाही महागात पडतो. पण पार्वोने पिल्लू गेलेल्या घरात ब्लीचला पर्याय नाही. हा विषाणू साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही आणि घरात महिनोन्‌महिने टिकतो. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आधी साबणाने धुऊन घेतलेल्या फरशीवर दहा मिनिटे, मग भरपूर पाण्याने धुणे. तरीही लस पूर्ण न झालेले नवे पिल्लू त्या घरात आणण्याची घाई करू नये.

पिल्लाला शी-शूची सवय लावणे ही सगळ्या साफसफाईतली मुख्य गोष्ट. ढोबळ मानाने जितक्या महिन्यांचे पिल्लू तितके तास ते लघवी धरू शकते. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून रात्रभराची अपेक्षा करणे म्हणजे रोज सकाळी पुसण्याची तयारी ठेवणे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्यावे, तिथे केली की लगेच शाबासकी द्यावी. त्याचे नाक मुतात घासण्याची जुनी पद्धत अजून चालू आहे आणि तिचा एकच परिणाम होतो: पिल्लू माणसाच्या नजरेआड, पलंगाखाली जाऊन करायला शिकते. वर्तमानपत्र अंथरण्याचेही तसेच. कागदावर शू करायला शिकलेल्या पिल्लाला दारातून आत सरकवलेला आजचा पेपर आणि गेल्या आठवड्याची रद्दी यांतला फरक कळत नाही.

मांजराला शिकवावे लागत नाही, त्याला फक्त जागा द्यावी लागते. आज सर्वत्र दिसणारी मातीची ट्रे-पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत एडवर्ड लो यांनी 1947 मध्ये ओल शोषणारी माती मांजरांसाठी विकायला सुरुवात केली. त्याआधी वाळू आणि राखेवर काम भागे. आता वापरात असलेली गोळा होणारी माती म्हणजे बेन्टोनाइट. ती ओल लागताच फुगते आणि मुताचा गोळा बांधते, म्हणून रोज फक्त गोळे चाळून काढता येतात. या मातीच्या मोठ्या खाणी गुजरातेत कच्छमध्ये आहेत. फुगण्याचा हाच गुण तिला संडासात ओतणाऱ्यांच्या अंगाशी येतो. एका सोसायटीत दुसऱ्या मजल्याच्या घराने काही महिने माती कमोडमध्ये सोडली आणि तळमजल्याच्या मोरीतून सगळ्यांचे सांडपाणी वर आले. माती कागदात गुंडाळून वेगळ्या कचऱ्यात द्यावी. भाजीच्या कुंड्यांसाठी केलेल्या कंपोस्टमध्ये कुत्र्या-मांजराची विष्ठा घालू नये.

ट्रे किती, याचा ठोकताळा मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. त्या खाण्याच्या भांड्यापासून दूर आणि वर्दळीपासून आडोशाला हव्यात. पावसाचे झोत येणाऱ्या बाल्कनीत ठेवलेली ट्रे जुलैमध्ये चिखल होते आणि मांजर ती सोडून धुण्याच्या बादलीशेजारचा कपड्यांचा ढीग निवडते. रोज निदान एकदा गोळे काढणे हे वासापुरते नाही. टॉक्सोप्लाझ्माची लागण झालेल्या मांजराच्या विष्ठेतले परजीवी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात, त्याआधी ट्रे साफ झाली तर धोका बराच कमी होतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते.

इतकी वर्षे ट्रेमध्ये जाणारे मांजर अचानक बाहेर करू लागले तर चिडण्याआधी त्याच्याकडे नीट बघावे. मूत्रमार्गात खडे किंवा सूज असेल तर मांजर दुखण्याचा संबंध ट्रेशी जोडते. बोका वारंवार बसतो, कुंथतो आणि थेंबही येत नाही, ही तातडीची अवस्था आहे. एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. भिंतीवर उभ्याने फवारणारा वयात आलेला बोका वेगळा. तो हद्द आखत असतो आणि नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते. वयात येण्याच्या सुमारास केली तर निकाल सर्वांत चांगला.

गोचीड आणि पिसवा यांचे गणित न समजल्यामुळे घरे वर्षानुवर्षे फवारण्या करत राहतात. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या चार गोचिडी हा सगळ्या वस्तीचा अगदी लहान भाग असतो. घरात आढळणारी तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते आणि फटीत हजारो अंडी घालते. तिचा कल वर चढण्याकडे असतो. त्यामुळे फरशी कितीही पुसली तरी ती सापडते भिंतीवरच्या फोटोंच्या मागे, पडद्याच्या दांडीत आणि खिडकीच्या चौकटीत. भुकेली गोचीड कित्येक महिने तग धरते. पिसवांचे कोश गालिच्यात आणि गादीच्या शिवणीत पडून राहतात, हादरा आणि उब मिळाली की फुटतात. सुट्टीवरून परतलेल्या कुटुंबावर त्या एकदम तुटून पडतात ते म्हणूनच. घर फवारण्याआधी प्राण्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंडावाटे देण्याची गोळी किंवा मानेवरचे थेंब नियमित चालू करावेत, म्हणजे घरातून अंगावर चढणारी प्रत्येक पिढी मरत जाते. सोबतीला रोज फटी झाडणे आणि पांघरुणे गरम पाण्यात धुणे. दोन-तीन महिने सातत्य ठेवल्यावर घर मोकळे होते. कुत्र्याचे पर्मेथ्रिनचे थेंब मांजराला कधीही लावू नयेत. मांजराला त्याने झटके येतात आणि ते मरूही शकते.

पावसाळ्याचे चार महिने वेगळी व्यवस्था मागतात. दाराशी उथळ टब, मग आणि जुना टॉवेल ही सामग्री ठरलेली असावी. पंजे धुतल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी केली नाही तर तिथे बुरशी होते. ओल्या कुत्र्याचा वास हा केसांवरच्या जंतूंनी तयार केलेल्या द्रव्यांचा, ती पाण्याबरोबर हवेत उठतात. त्यावर रोजची अंघोळ हा उपाय नव्हे, त्याने कातडीचे तेल जाऊन खाज सुटते. तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्याच्याच शाम्पूने अंघोळ आणि एरवी चांगले पुसणे इतकेच पुरे. या दिवसांत जाड फोमची गादी वाळत नाही, आतून कुबट होते. तिच्याऐवजी जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या आलटून-पालटून वापरणारी घरे सुखी आहेत. गोधडी बादलीत मावते आणि पंख्याखालीही वाळते. रात्री खाण्याचे भांडे बाहेर राहिले की उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदीर म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने हा आजार मोठ्या प्रमाणावर पाहिला. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यावी आणि भांडे रात्री उचलून घासून ठेवावे. दिवसा मुंग्या लागत असतील तर दुधाच्या पातेल्याची जुनी युक्ती इथेही चालते: भांडे परातीत, परातीत पाणी.

स्वयंपाकघर आणि देवघर यांवरून घरात खटके उडतात. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात आणि खंडोबाच्या बरोबरही कुत्रा असतो, पण निरांजनाच्या तुपात कुत्र्याचा केस आजीला चालत नाही, आणि तिचे म्हणणे रास्त आहे. मांजर तर तांब्यातले पाणी पिते आणि ताम्हणात बसून घेते. ओरडण्यापेक्षा अडथळा बरा: देवघराला दार किंवा काचेचे झाकण, स्वयंपाकघराला कमरेएवढे फाटक. मांजर फाटकावरून जाते, म्हणून ओट्यावर उघडे अन्न न ठेवणे आणि खिडकीपाशी त्याला ओट्यापेक्षा उंच फळी देणे हा मार्ग. उंचावरून बघायला मिळाले की ओट्याचे आकर्षण बरेच कमी होते.

घरकामाला येणाऱ्या मावशींचा विचार या सगळ्यात शेवटी केला जातो, तो पहिल्यांदा करायला हवा. कुत्रा आल्याच्या पहिल्या महिन्यात काम सोडून गेलेल्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांचे कारण बहुधा भीती नसून न विचारता वाढलेले काम असते. केस काढायला रोज वीस मिनिटे जास्त लागतात हे मान्य करून पगार वाढवणाऱ्या घरांत मावशी टिकतात. शी-शू त्यांच्यासाठी ठेवून देऊ नये. ती काढणे हे पाळणाऱ्याचे काम आहे, मग तो कितीही मोठा साहेब असो. शेजाऱ्यांबाबतही तोच नियम. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही किंवा लिफ्ट नाकारता येत नाही. हा कागद दाखवून भांडण जिंकता येते. पण लिफ्टमध्ये झालेली शू स्वतः खाली येऊन पुसणाऱ्याला तो कागद सहसा काढावाच लागत नाही.

घरात कोणाला शिंका, दमा असेल तर केस काढून भागत नाही. मांजराची ॲलर्जी केसांची नसून त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते. चाटल्यावर ते अंगभर लागते, वाळून अतिसूक्ष्म कण हवेत तरंगतात, आणि मांजर घरातून गेल्यावरही कित्येक महिने ते गाद्या-पडद्यांत राहते. झोपण्याची खोली पूर्ण बंद ठेवणे, जाड पडदे आणि गालिचे काढणे, उशी-गादीला बंद खोळ घालणे यांनी फरक पडतो. हे सगळे करूनही श्वास लागत असेल, तर डॉक्टर सांगतील ते ऐकावे.

सर्वांत अवघड साफसफाई प्राण्याच्या म्हातारपणात येते. बारा-तेरा वर्षांच्या कुत्र्याला झोपेत लघवी होते, पाय घसरतात, घरभर थेंब पडतात. शिस्तीचे कुत्रे असेल तर ते लाजून कोपऱ्यात जाते. रागावून काही साधत नाही. गादीवर रबरी कापड, त्यावर गोधडी, दिवसातून दोनदा बदल. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजीच्या पट्ट्या. मागचे केस कापून रोज कोमट पाण्याने पुसणे आणि कोरडे करणे, नाहीतर मुताने कातडी सोलते. लघवीवरचा ताबा सुटण्याची काही कारणे औषधाने बरी होतात, म्हणून ‘वय झालं’ म्हणण्याआधी एकदा तपासून घ्यावे. हा काळ काही महिन्यांचा असतो, कधी दोन वर्षांचा. पिल्लू घरी आणायचे ठरवताना या दिवसांत त्याची गोधडी रोज कोण धुणार, हे घरातल्यांनी आपसांत आधीच ठरवून घ्यावे.